दूधसागरची वाट

मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी कुठे जायचं, हे ठरवायला आमच्या 1995 च्या दहावीच्या तुकडीला फार वेळ लागला नाही. ग्रुपवर कुणीतरी 'दूधसागर' एवढंच लिहिलं आणि दहा मिनिटांत अंगठ्यांची रांग लागली. नियोजन माझ्या गळ्यात पडलं. पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करणाऱ्या बाईला एक्सेल येतं, एवढीच माझी पात्रता.

सगळ्यांच्या डोक्यात एकच दूधसागर होता, आठवीच्या सहलीतला. नोव्हेंबर 1992. बेळगावहून मीटरगेजच्या गाडीने लोंढा, कॅसल रॉक करत आपण दूधसागर स्टेशनवर उतरलो होतो. डब्यात पुरी-भाजी, गळ्यात पाण्याची बाटली. स्टेशनपासून धबधबा साधारण किलोमीटरभर, आणि जायची वाट म्हणजे रूळच. गणिताचे सर पुढे शिट्टी घेऊन, बाई मागे. बोगद्यात निम्म्यावर असताना मागून इंजिनाचा आवाज आला. सर ओरडले, "भिंतीला चिकटा!" मी आणि माझ्या बाकावरची मैत्रीण भिंतीतल्या एका कोनाड्यात शिरलो. मालगाडी संपता संपत नव्हती. धूर, कानठळ्या, आणि तिने माझ्या मनगटात रुतवलेली नखं. बाहेर आलो तेव्हा समोर सगळा डोंगर पांढरा होऊन कोसळत होता आणि आपण सगळे विनाकारण हसत होतो.

तेव्हा सगळेच तसे जात. दूधसागर म्हटलं की रुळांवरून चालायचं, हे बेळगाव-खानापूरकडच्या माणसाला सांगावं लागत नसे. ग्रुपवरची मागणीही तीच होती: "अगदी तसंच करायचं हं, काही बदलायचं नाही." मी तक्ता केला. कॅसल रॉक ते दूधसागर रुळांवरून सुमारे 14 किलोमीटर, कुळ्याहून वर सुमारे 11. गाड्या, पाणी, नाश्ता, सगळे रकाने भरले. 'परवानगी' हा रकाना मात्र भरेना. रेल्वे कायद्याच्या कलम 147 प्रमाणे रुळांवरून विनापरवाना जाणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे कलम काही फक्त दूधसागरसाठी नाही, पण तिथे ते आता खरोखर लावतात. 2023 च्या पावसाळ्यात रुळांवरून निघालेल्या तरुणांना तिथे उठाबशा काढायला लावल्याची चित्रफीत आपण सगळ्यांनीच एकमेकांना पाठवली होती. तेव्हा हसलो होतो.

तो रिकामा रकाना भरायच्या नादात मी वाचत सुटले. एवढ्या दाट रानात, धबधब्याच्या थेट पोटावरून, रेल्वे आली कशी?

तिचं मूळ धबधब्यात नाही, मिठात आहे. 26 डिसेंबर 1878 रोजी ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात एक तह झाला. ब्रिटिश हिंदुस्थान आणि गोवा यांच्यामधली जकात उठवायची, मुरगाव बंदरापासून घाटमाथ्यापर्यंत रेल्वे बांधायची, आणि बदल्यात गोव्यातल्या मिठाचा ताबा ब्रिटिशांकडे द्यायचा. त्यापोटी गोवा सरकारला वर्षाला चार लाख रुपये मिळायचे. सरकारच्या तिजोरीला हा सौदा बरा वाटला असेल. मिठागरं पिढ्यान्‌पिढ्या राखणाऱ्या माणसांच्या हातातलं काम मात्र त्याने काढून घेतलं. तह बारा वर्षं चालला आणि 1892 मध्ये संपला. पुढे वाढवला नाही. तोवर रेल्वे बांधून झाली होती.

ती बांधणारी कंपनी लंडनची, व्याजाची हमी पोर्तुगाल सरकारची. तिच्या नावातच 'गॅरंटीड' हा शब्द होता. 1887 मध्ये मुरगाव ते सावर्डे हा सपाटीचा टप्पा सुरू झाला आणि 1888 मध्ये गाडी घाट चढून कॅसल रॉकला पोचली. गोव्याच्या बाजूची ही सगळी लांबी जेमतेम 82 किलोमीटर. त्यातला कुळे ते कॅसल रॉक हा सुमारे 26 किलोमीटरचा घाट म्हणजे खरी परीक्षा. पोर्तुगालच्या राजघराण्यावरून त्याला ब्रागांझा घाट म्हणतात. चढ 37 ला 1, म्हणजे सदतीस पावलं पुढे गेलात की एक पाऊल उंची. चालणाऱ्याला हे काहीच नाही, पण लोखंडी चाकाला लोखंडी रुळावर फार आहे. आजही कुळ्याला जड गाडीच्या मागे ढकलायला जादा इंजिनं लावतात.

एका गोष्टीने माझ्यातल्या इंजिनिअरला फार बरं वाटलं. माथ्यावर पलीकडून सदर्न मराठा रेल्वे येत होती, ती मीटरगेज. 1876 ते 1878 च्या दुष्काळात माणसं अन्नावाचून मेली, कारण धान्य पोचवायला वाट नव्हती. त्या अनुभवातून दक्षिण महाराष्ट्र आणि कर्नाटकातले हे लोहमार्ग आखले गेले. पोर्तुगीज बाजूची रेल्वेही त्याच मापाची केली, म्हणून धारवाडकडचा कापूस डबा न बदलता थेट बंदरापर्यंत उतरू शकला. दोन सरकारं, दोन कंपन्या, दोन भाषा, आणि रुळांमधलं अंतर बरोब्बर एक मीटर. आमच्या कामात दोन टीमना एका फाइलचा फॉरमॅट ठरवायला तीन महिने लागतात.

तर बोगदे आपल्या सहलीसाठी खोदलेले नव्हते. धबधब्याचा देखावाही कुणी लक्षात घेतला असेल असं वाटत नाही. दरी ओलांडायला जागा तिथेच होती, म्हणून पूल तिथे झाला. सुमारे 310 मीटर उंचीचा धबधबा त्याच्या कमानींखालून मुकाट्याने जातो. राजकन्येने दुधाचा घडा ओतल्याची गोष्ट आपल्याला बाईंनी सांगितली होती. ती छानच आहे. मिठाची गोष्ट मात्र कुणी सांगितली नाही.

कॅसल रॉकला आपण वडे खाल्ले, ते आठवतं? ते स्टेशन सरहद्दीचं होतं. माझे आजोबा सांगायचे, तिथे गाडी थांबली की ट्रंका उघडून दाखवाव्या लागत. इकडचा कस्टमवाला वेगळा, तिकडचा वेगळा. 15 ऑगस्ट 1955 रोजी गोवामुक्तीसाठी सत्याग्रहींच्या तुकड्या निरनिराळ्या वाटांनी सरहद्द ओलांडून गेल्या. कॅसल रॉकच्या बाजूने गेलेले सत्याग्रही याच रुळांवरून निघाले होते. निःशस्त्र. त्या दिवशी ठिकठिकाणी झालेल्या पोर्तुगीज गोळीबारात वीसहून अधिक माणसं मारली गेली. त्याच वर्षी सरहद्द बंद झाली, गाडी थांबली, आणि गोवा 19 डिसेंबर 1961 ला मुक्त होईपर्यंत तो घाट देशाच्या नकाशावर तुटलेलाच राहिला. आपल्या सहलीच्या वेळी त्या गोळीबाराला सदतीस वर्षं झाली होती. म्हणजे आपल्या सहलीला आज जितकी झाली, जवळपास तितकीच. हा हिशेब केला आणि मी थोडा वेळ लॅपटॉप मिटून बसले.

बाकीचं तुम्हाला ठाऊक आहे. मीटरगेज गेलं, ब्रॉडगेज आलं. 2013 मध्ये 'चेन्नई एक्सप्रेस' सिनेमात धबधबा दिसला आणि गर्दीला धरबंध राहिला नाही. हे सगळं रान गोव्याच्या बाजूला भगवान महावीर अभयारण्य, कर्नाटकच्या बाजूला काळी व्याघ्र प्रकल्प. तिथेच लोहमार्ग दुपदरी करायचा बेत आला, कोळशाच्या वाहतुकीसाठी तो आहे असा आरोप झाला, गोव्यातली तरुण मुलं मोलेच्या जंगलासाठी रस्त्यावर उतरली, आणि मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कामाला दिलेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली.

मी हे सगळं ग्रुपवर थोडक्यात लिहिलं आणि शेवटी म्हटलं, रुळांवरून जायचं नाही. मग काय! "पोलिसांना ओळखतो मी." "हजार रुपये दंड, माझ्याकडून सगळ्यांचा." एकाने लिहिलं, "तू बदललीस." ते लागलं. बदलले आहेच. माझी मुलगी आता आठवीत आहे आणि तिच्या शाळेने तिला रुळांवरून नेलं असतं तर मी काय केलं असतं, ते मला नीट ठाऊक आहे. सरांना मी आजही दोष देत नाही. स्टेशनमास्तरांना विचारून, गाड्यांच्या वेळा खिशात ठेवूनच ते निघाले होते. वेळापत्रकात नसलेली मालगाडी आली. ही दोन्ही मतं माझ्यात एकाच वेळी आहेत आणि त्यांचं जुळवून देणं मला जमलेलं नाही.

शेवटी मी माझ्या बाकावरच्या मैत्रिणीला फोन केला. अपघातानंतर तिच्या गुडघ्यात सळई आहे. ग्रुपवर ती काहीच बोलली नव्हती.

"अगं, तुम्ही रुळांवरून गेलात तर मी येतच नव्हते," ती म्हणाली. "खडीवर मला चार पावलं टाकता येत नाहीत. पण सगळे एवढे खूश होते, कशाला सांगायचं?"

चौदा किलोमीटरचा तक्ता केला होता मी. तिचा गुडघा त्यात कुठेच नव्हता.

मग तिला कोनाड्याबद्दल सांगितलं. बोगद्यातले ते कोनाडे मुद्दाम ठेवलेले असतात, रुळांवर काम करणाऱ्या गँगमननी गाडी आली की आत शिरावं म्हणून. आपण उभ्या राहिलो ती त्यांची जागा. ती जरा वेळ गप्प होती, मग म्हणाली, "तरीच. दोन माणसांपुरतीच होती."

तर बेत असा. सकाळी सगळ्यांनी बेळगावहून गाडीत बसायचं, रुळांवरून पण डब्यातून. घाट उतरताना बोगदे, पूल, धबधबा, सगळं खिडकीतून. दारात कुणी उभं राहायचं नाही, हे पुरुष मंडळींना वेगळं सांगते. कुळ्याला उतरून वनखात्याचं तिकीट आणि जीप. पावसाळ्यात ती बंद असते, म्हणून मेळावा डिसेंबरात आहे ते बरंच झालं. जीप ओढ्यांतून जाते, लहान मुलांना मजा येईल. ती थांबते तिथून धबधब्याच्या पायथ्यापर्यंत दगडधोंड्यांतून चालायचं. बूट घट्ट हवेत, प्लास्टिक काहीही न्यायचं नाही, माकडांसमोर डबा उघडायचा नाही. परत येताना बस, मोले, अनमोड घाट, रामनगर, खानापूर.

मैत्रीण जीप थांबते तिथपर्यंत येणार आहे. तिच्यासोबत मी थांबते म्हटलं, तर रागावली. "तू जा. मी पुरी-भाजी सांभाळते. आणि गाडीत खिडकी मला, ती आत्ताच लिहून ठेव तुझ्या त्या एक्सेलमध्ये."

लिहून ठेवली आहे.