तापाच्या गोळीची गोष्ट

मैत्रिणींनो, पोटुशी बाईनं तापाची गोळी खाल्ली की मूल पुढं चंचल निघतं, असं मोबाइलवर फिरतंय. बैठकीत दोघी-तिघींनी विचारलं, म्हणून आज त्या गोळीचाच इतिहास सांगते.

१८८६ साली स्ट्रासबुर्ग शहरात कान आणि हेप हे दोन डॉक्टर जंतांवर नॅप्थलीन देऊन बघत होते. नॅप्थलीन म्हणजे आपली डांबरगोळी बरं का! औषधवाल्याकडून चुकून दुसरीच पूड आली, अ‍ॅसिटॅनिलाइड. तिनं रुग्णाचा ताप उतरला. ती विकलीही जाऊ लागली, पण काहींची कातडी निळी पडायची. १९४८ मध्ये अमेरिकेत ब्रॉडी आणि अ‍ॅक्सेलरॉड यांनी दाखवलं, की शरीरात या पुडीचं पॅरासिटामॉल होतं आणि खरा गुण त्याचाच. १९५५ पासून ते तिथल्या दुकानांत आलं.

त्यानंतर थॅलिडोमाइड घडलं. १९५७ मध्ये जर्मनीत आलेलं हे औषध गरोदर बाया मळमळीवर घ्यायच्या. हातापायांत व्यंग असलेली दहा हजारांवर मुलं जन्मली. १९६१ मध्ये ते बंद झालं. गरोदरपणातल्या गोळीची धास्ती वाटते ती उगाच नाही.

२०१४ मध्ये डेन्मार्कच्या ६४ हजार मुलांच्या अभ्यासात, पॅरासिटामॉल घेतलेल्या आयांच्या मुलांत अतिचंचलता थोडी जास्त दिसली. पण हे गोळीनं झालं, तापानं, की घराण्यातच होतं? २०२४ मध्ये स्वीडनमध्ये सुमारे २५ लाख मुलांच्या नोंदी तपासल्या आणि सख्खी भावंडं शेजारी ठेवली: एकाच्या वेळी आईनं गोळी घेतलेली, दुसऱ्याच्या वेळी नाही. फरक उरला नाही. तरी २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी बायांना सोसायला सांगितलं! जागतिक आरोग्य संघटनेनं मात्र तसा ठोस पुरावा नसल्याचं म्हटलं. अंगावर काढलेला मोठा ताप बाळालाही धोक्याचा, हे कुणी बोलत नाही. आणि मुलात काही उणं दिसलं की बोट आईकडंच.

तेव्हा ताप आला तर आशाताईंना, डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घ्या. लागेल तेवढंच, थोडे दिवस. दुकानातून अंगदुखीची गोळी आणताना मात्र पाकिटावरचं नाव वाचा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही वेगळी औषधं. पाचव्या महिन्यापासून पुढं त्यांनी बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. वाचता येत नसेल तर पाकीट बैठकीला घेऊन या.