रात्याची भाकरी

कोकण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं आंबा, फणस, नारळी-पोफळी उभ्या राहतात. आमच्या खारेपाटात यातलं फारसं काही नाही. अलिबाग आणि पेण तालुक्यांतला, धरमतर खाडीच्या कडेचा हा सपाट मुलूख. नजर जाईल तिथवर शेतं, त्यांच्या कडेला बांध आणि बांधापलीकडं खाडी. सावली हवी तर गावात यावं लागतं. इथं पिकतं ते भात, आणि जेवायला तांदळाची भाकरी. कालवण रोज बदलतं. कधी निवटे, कधी चिंबोरी, कधी नुसता भाजलेला बोंबील, नशीब चांगलं असेल तर तळ्यातला जिताडा. भाकरी मात्र बदलत नाही.

आता आमच्याकडची भाकरी पांढरीशुभ्र असते. पाहुणे कौतुक करतात. पण मी लहानपणी जी खाल्ली ती तांबूस होती. ती रात्याची भाकरी. तिच्याबद्दल लिहायचं तर आधी राता सांगितला पाहिजे, आणि राता सांगायचा तर जमीन सांगितली पाहिजे.

ही जमीन मुळात खाडीची. भरती आली की पाण्याखाली, ओहोटीला चिखल. आमच्या वाडवडलांनी तिला चिखलाचेच बांध घालून समुद्रापासून वेगळी केली. बांधाला ठिकठिकाणी उघाडी ठेवली. उघाडी म्हणजे लाकडी झडपेचं दार. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी झडप ढकलून बाहेर जातं, भरतीला खाडीचं पाणीच झडप दाबून बंद करतं. यंत्र नाही, माणूस लागत नाही. बांध झाला तरी पहिल्या वर्षी पीक येत नसे. दोन-तीन पावसाळे मातीतलं मीठ धुऊन जावं लागे. मग कुठं भात.

आणि तेही कुठलंही भात नाही. डोंगरकडच्या गोड जमिनीतलं बियाणं इथं पिवळं पडून मरतं. खाऱ्या मातीत उभं राहायचं ते रात्यानंच. काळा राता आणि भुरा राता अशा त्याच्या दोन जाती आम्हाला ठाऊक. नावं तुसाच्या रंगावरून, आतला दाणा मात्र दोन्हींचा तांबडा. पनवेलला खार जमीन संशोधन केंद्र आहे. तिथल्या लोकांनीही सुरुवातीला आमच्याच रात्यातून निवड करून ‘काळा राता १-२४’ आणि ‘भुरा राता ४-१०’ असे वाण काढले. पुढं पनवेल १, २, ३ हे वाण आले. म्हणजे शास्त्रज्ञांनाही पहिली वाट रात्यानंच दाखवली.

खाऱ्या शेतात राब करून लावणी करणं नेहमी जमत नाही. मग बियाणं भिजवून, पेंढ्याखाली दडपून त्याला मोड आणायचे आणि ते चिखलावर फेकायचे. याला रहू म्हणतात. आम्ही पोरं ते मोड आलेलं भात चोरून चघळायचो. गोड लागतं. फेकल्यावर पाखरं राखायला आमचीच नेमणूक व्हायची, म्हणजे चोरांच्याच हाती किल्ली.

बांध राखणं हे गावाचं काम होतं. त्याला जोळ म्हणत. खेकडं बांधाला भोक पाडतं, भोकातून पाणी झिरपतं, झिरपा वाढला की अमावास्या-पुनवेच्या उधाणाला खांड पडते. एकदा खांड पडली की तुझं शेत, माझं शेत असं राहत नाही, सगळी खार बुडते. म्हणून हाक आली की घरटी माणूस निघे. हातात फावडं, डोक्यावर घमेलं, आणि कमरेला फडक्यात बांधलेली भाकरी. ती भाकरी सकाळची दुपारी खाल्ली तरी मऊ असे.

आता खाण्याचा इतिहास. भात आम्ही पिकवलं, पण चांगला तांदूळ बरीच वर्षं आम्ही खाल्ला नाही. जमीन खोताची, सावकाराची. खळ्यावर मळणी झाली की खोताचा माणूस माप घेऊन बसे. आजी सांगायची, खांड पडून पीक बुडालं तरी खोताचं येणं बुडत नसे, ते पुढच्या वर्षाच्या डोक्यावर चढे. जे घरात उरे ते घिरटावर भरडायचं, उखळात सडायचं, पाखडायचं. त्यातला अख्खा तांदूळ पुन्हा बाजूला, कारण मीठ-मिरची, लुगडं, औषध त्याच्यावरच. घरात राहायच्या त्या कण्या. सकाळी कण्यांची पेज, आणि कण्या दळून भाकरी. आमची भाकरी ही अशी उरल्यासुरल्यातून आली. आज हॉटेलच्या पाटीवर ‘अस्सल आगरी तांदळाची भाकरी’ वाचते तेव्हा मला आजीचं सूप आठवतं.

२७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात शेतकऱ्यांची मोठी सभा झाली. पुढारी नारायण नागू पाटील. तिथं ठरलं की खोतांची जमीन कसायची नाही. पंचवीस गावं या संपात उतरली. गिरणीतल्या कामगारानं संप केला तर यंत्र थांबतं. शेतकऱ्यानं संप केला तर त्याचीच चूल थांबते. तरीही हा संप एक-दोन महिने नाही, १९३९ पर्यंत चालला. आमचं गाव त्या संपात होतं. आजी तेव्हा नवी नवरी, सतरा-अठरा वर्षांची. तिच्याकडून मी ऐकलं आहे ते असं. बाप्ये डोंगरात लाकूडफाटा तोडायला जात, बाया तो डोक्यावर घेऊन विकायला. खाडीत जे घावेल ते धरायचं. करवंदं, कंद, शेवग्याचा पाला. तांदळाचं पीठ औषधासारखं पुरवायचं. भाकरी थापायची ती हाताएवढी नाही, तळव्याएवढी, आणि पोरांपुरतीच. समोर शेतं पडून, त्यांत तिवरं उगवलेली, आणि घरात पीठ नाही. ती म्हणायची, “पोटाला चिमटा घेतला गो, पन बांधावर पाय नाय ठेवला.”

१९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला आले. पुढं १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, आणि जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. त्याच १९३७ साली नारायण नागू पाटलांनी ‘कृषीवल’ हे पत्र सुरू केलं. ते आजही आमच्या जिल्ह्यात वाचलं जातं. शेवटी त्या वेळचे महसूलमंत्री मोरारजी देसाई चरीला आले. संप मिटला आणि कसणाऱ्याला संरक्षित कूळ म्हणून कायद्यात जागा मिळाली. १९४८ चा कुळ कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन हे त्याच्या पुढचे टप्पे. आमच्या वडलांच्या नावावर सातबारा झाला तो असा. दरवर्षी २७ ऑक्टोबरला चरीत त्या संपाची आठवण केली जाते. भाषणं होतात. भाषणांत भाकरीचं नाव येतं, पण ती कोणत्या तांदळाची, हे कुणी सांगत नाही. म्हणून मी सांगते आहे.

ती करायची कशी, हेही लिहून ठेवते. तांदूळ दोन पाण्यांनी धुवायचा, सुती कापडावर सावलीत पसरायचा. हाताला ओल लागेनाशी झाली की दळायचा. पूर्वी जात्यावर, आता चक्कीवर. चक्कीवाल्याला सांगायचं की ज्वारी-गव्हानंतर लगेच टाकू नको. एका भाकरीला एक मूठ पीठ धरा. जेवढं पीठ तेवढंच पाणी पातेल्यात उकळायचं, चिमूटभर मीठ. पाण्याला खळखळ आली की पीठ वैरायचं, उलथन्याच्या दांड्यानं ढवळायचं, झाकण ठेवून उतरायचं. वाफ आत मुरू द्यायची. मग परातीत काढून, हात पाण्यात बुडवत गरम आहे तोवर मळायचं. इथं आळस केला की भाकरीला कडेनं भेगा. रात्याचं पीठ जरा खरबरीत, त्याला मळणं जास्त लागतं आणि पाणी बेतानं. आई माझ्या पाठीमागं उभी राहून म्हणायची, “पानी बघून घाल गो, रात्याचं पीठ हाय.”

गोळा परातीत ठेवून ओल्या तळव्यानं थापायचा. बोटांनी नाही, तळव्यानं. भाकरी आपोआप फिरली पाहिजे. तापलेल्या खापरावर अलगद टाकायची आणि वरून पाण्याचा हात फिरवायचा. ते पाणी सुकत आलं की उलटायची. दुसरी बाजू झाली की खापर बाजूला करून भाकरी चुलीच्या आराला लावायची. ती टम्म फुगते, वरचा पापुद्रा सुटतो. रात्याच्या भाकरीवर तांबडे बारीक ठिपके दिसतात आणि वास येतो तो भाजल्या भातासारखा. गॅसवर, लोखंडी तव्यावरही होते. चांगली होते. चुलीवरच्यासारखी होत नाही, हे म्हणायला पाहिजे म्हणून म्हणत नाही, आराची धग चारी बाजूंनी लागते आणि गॅसची खालूनच, एवढाच फरक आहे.

माझा पुतण्या बोटीवर नोकरीला आहे. त्याची बोट अमेरिकेत सवाना नावाच्या बंदराला लागली होती. तिथं त्याला तळलेल्या मासळीबरोबर मक्याच्या पिठाची बोंडं आणि बिडाच्या भांड्यात भाजलेली जाड पिवळी भाकरी मिळाली. म्हणाला, “काकी, त्या लोकांना त्या भाकरीचं आपल्यासारखंच वेड.” येताना पिशवीभर मक्याचं पीठ घेऊन आला. मी ते ताक घालून बिडाच्या तव्यावर जाडसर लावलं, वर झाकण, खाली मंद आच. बरं झालं. पोरांनी सुकटीबरोबर संपवलं.

पण मला खरं नवल वाटलं ते त्यानं सांगितलेल्या दुसऱ्या गोष्टीचं, आणि मग मी ती वाचूनही पाहिली. त्या किनाऱ्यावर, जॉर्जिया आणि साउथ कॅरोलायना या मुलखात, दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी खाजणात बांध घालून, उघाडीसारखीच दारं बसवून भात पिकवत. राबणारे सगळे आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम. त्यांतल्या पुष्कळांना भातशेती आपल्या मुलखातूनच ठाऊक होती. अख्खा तांदूळ जहाजात भरून युरोपला जाई. पिकवणाऱ्याला मापून मिळे ते मक्याचं पीठ, आणि तांदळातल्या कण्या. १८६५ ला गुलामगिरी संपली, पुढं ती भातशेतीही मोडली, आणि ते मक्याचं खाणं आज तिथं आवडीनं, आईच्या हातची आठवण म्हणून खाल्लं जातं. आमचा कूळ गुलाम नव्हता, दोन्ही दुःखं एका मापात घालायची नाहीत. पण कण्या दोन्हीकडं पिकवणाऱ्याच्याच वाट्याला, हे वाचून मी पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवलं.

राता गेला कसा, तेही सांगते. जमीन आमची झाली, पोट भरायला लागलं, तेव्हा जास्त पीक पाहिजे झालं. १९६८ मध्ये जया हे वाण आलं, मागून रत्ना आलं, कर्जतचे वाण आले. जिथं माती थोडी गोड होती तिथं लोकांनी ते लावले. त्यात वाईट काही नाही, पोरांची शिक्षणं त्यावर झाली. गावात भातगिरण आली, घिरट अडगळीत गेलं. गिरणीत राता घातला तर तांबडा रंग कोंड्यात जातो, मग राता आणि दुसऱ्या तांदळात फरक काय राहिला? बाजारात तांबड्या तांदळाला गरिबाचा तांदूळ म्हणून भाव कमी. लग्नात तांबडी भाकरी वाढायची लाज वाटू लागली.

पण रात्याला खरा मार बसला तो बांधाचा. खार जमिनीचे कायदे १९४८ ला आणि १९७९ ला झाले, बांध सरकारी योजनेत गेले. हेतू चांगला होता, चिखलाच्या बांधाला दगड लागले. पण बांध सरकारचा झाला आणि जोळ बंद पडली. पूर्वी भोक दिसलं की त्याच ओहोटीला बुजत असे. आता आधी अर्ज. आमच्या खारीत खांड पडली तेव्हा मी स्वतः कचेरीच्या पायऱ्या चढले. मोजणी झाली, फोटो झाले, तोवर तीन उधाणं येऊन गेली. आज त्या शेतात तिवरं माझ्या डोक्यावर गेली आहेत. तिवरं तोडता येत नाहीत, कायदा आहे, आणि खाडीला तिवरं पाहिजेत हे मलाही कळतं. पण सातबाऱ्यावर भात आणि जागेवर तिवर, अशा माणसानं काय करायचं? मग मुंबईचा माणूस येतो, कागद घेऊन येतो. ज्या जमिनीसाठी सहा वर्षं चुली थांबवल्या, ती खांडीनं गेलेली म्हणून स्वस्तात विकली जाते. विकणाऱ्याला मी नाव ठेवत नाही. पोरगं शिकवायचं असतं, आजारपण असतं.

माझ्याकडं अजून सात गुंठ्यांत भुरा राता आहे. खाडीकडचा कोपरा, तिथं दुसरं काही येतच नाही. गेल्या दोन वर्षांत तिघांनी माझ्याकडून बियाणं नेलं. एकजण पेणकडचा, दोघं तरुण आहेत. बियाणं देताना मी पैसे घेत नाही, एक अट घालते. पायलीला पायली परत करायची, पण मला नाही, पुढच्या मागणाऱ्याला. आणि पहिल्या भाताची भाकरी करून खायची, सगळं गिरणीत पांढरं करायचं नाही.

बियाणं हे डब्यात ठेवून टिकत नाही. दर दोन वर्षांनी ते मातीत गेलंच पाहिजे, नाहीतर उगवत नाही. माती टिकायची तर बांध टिकला पाहिजे, आणि बांध टिकायचा तर खेकड्याचं भोक ज्याला पहिलं दिसेल त्यानं फावडं उचललं पाहिजे. यंदा पावसाआधी आमच्या आळीतल्या अकरा घरांनी मिळून उघाडीची झडप बदलली आणि दोन ठिकाणी चिखल लावला. अर्ज केला नाही. जेवणाला भाकऱ्या माझ्याकडून होत्या. छत्तीस झाल्या, एकही उरली नाही.