उशाशी बसलेली बाई

आमच्या गटातल्या एकीच्या मालकांचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. सकाळी गेले, संध्याकाळी घरी. त्यावरून मिरजेच्या जुन्या मिशन दवाखान्याची गोष्ट निघाली, ती आज सांगतो.

डॉक्टर विल्यम वानलेस मूळचे कॅनडाचे. अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे ते १८८९ साली इकडे आले. १८९४ साली मिरजेत दवाखाना उभा राहिला. मोतीबिंदू काढायला लांबलांबून माणसं येऊ लागली.

तेव्हा डोळ्याला टाके घालत नसत. कोकेनचे थेंब घालून डोळा बधिर करायचा, मोतीबिंदू काढायचा आणि दोन्ही डोळ्यांना पट्टी बांधायची. मग कित्येक दिवस उताणं पडून राहायचं. साधा खोकला आला तरी जखम उघडायची भीती! अशा माणसाला घास कोण भरवणार? त्याची बायकोच. पोरं सासूपाशी ठेवून ती बिचारी तिथं मुक्कामाला.

मिशनच्या दवाखान्यात औषधाबरोबर प्रार्थना आणि बायबलचं वाचनही असे. धर्मप्रसाराचा हेतू उघडच होता. इकडे गावात बाटण्याची धास्ती. नवऱ्याची नजर सांभाळायची की भावकीचं बोलणं? कितीतरी जणींनी मनात आपल्या देवाचं नाव घेत ते सगळं ऐकून घेतलं असणार.

डॉक्टरांचं नाव वानलेसवाडीत राहिलं. उशाशी बसलेल्या बाईचं कुठंच नाही.

पट्टी सुटली तरी जाड भिंगांचा चष्मा लागेच. डोळ्यात भिंग बसवायची सोय तेव्हा नव्हती. आमच्या मैत्रिणीच्या मालकांना आता नुसते वेळेवर थेंब घालायचे. तेही तीच घालते.