मेपल हवा होता, अशोक सापडला

आजचा भाग जरा घरगुती आहे. म्हणजे इतिहासच आहे, पण सुरुवात आमच्या सोसायटीच्या मीटिंगपासून.

मी राहते मोशीला. आमच्या कंपाउंडच्या भिंतीलगत तीन फुटांची मातीची पट्टी आहे आणि तिच्यात अशोकाची अकरा झाडं सरळ रांगेत उभी आहेत. मागच्या मीटिंगमध्ये विषय निघाला, की ही झाडं काढू आणि काहीतरी छान लावू. ‘छान’ म्हणजे काय, तर जपानी मेपल. आणि खरं सांगते, ही आयडिया माझीच होती. मोबाइलवर फोटो पाहिला होता: खांबासारखं सरळ, अरुंद, लालभडक झाड. चाकणला जपानी कंपन्या आल्या, जपानी जेवण आलं, मग झाड का नाही येणार?

म्हणून वाचायला बसले, आणि फसले!

जपानी मेपलला शास्त्रीय नाव दिलं कार्ल थुनबर्ग या स्वीडिश डॉक्टरने. १७७५-७६ मध्ये तो नागासाकीजवळच्या देजिमा बेटावर डचांच्या व्यापारी कंपनीचा डॉक्टर होता. परत गेल्यावर १७८४ मध्ये त्याने जपानच्या वनस्पतींवर ग्रंथ काढला आणि या झाडाला नाव दिलं एसर पामेटम. पामेटम, म्हणजे तळहातासारखं, कारण पान बोटं पसरलेल्या हातासारखं दिसतं. जपानी माळी तर त्याआधीपासूनच, एदो काळात, याच्या वेगवेगळ्या जाती निवडून जपत होते.

पण या झाडाला खरीखुरी थंडी लागते. पानं गाळून काही महिने झोपायचं आणि वसंतात उठायचं, हे त्याचं चक्र. आपल्याकडे थंडी येते तीच पाहुण्यासारखी, आणि एप्रिल-मेच्या उन्हात त्याची नाजूक पानं कडेने करपतात. पुण्यात सिंहगड रोडला पु. ल. देशपांडे उद्यान आहे ना, ते जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलंय. मूळ बाग १७०० साली पूर्ण झाली. तिची रचना इथे आणता आली. ओकायामाचा हिवाळा कसा आणणार?

मग मी आमच्या अकरा झाडांकडे वळले, आणि कळलं की हा अशोक तो अशोक नाहीच.

रामायणातल्या अशोकवनातला, कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात सुंदरीच्या पायाच्या स्पर्शाने फुलतो तो, सीताअशोक. त्याचे केशरी-लाल गुच्छ फांद्यांवरच येतात, आणि तो चिंच-आपट्याच्या कुळातला. आपल्या सोसायट्यांमधला उभा अशोक सीताफळाच्या कुळातला! मूळचा दक्षिण भारत आणि श्रीलंकेचा. फ्रेंच अभ्यासक सोनेरा याने १७८२ मध्ये त्याचं वर्णन छापलं. इंग्रजीत त्याला ‘मास्ट ट्री’ म्हणतात, कारण सरळ खोडाच्या शिडाच्या जहाजांसाठी डोलकाठ्या व्हायच्या.

आता हा आपल्याकडे एवढा का दिसतो? पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली १९५४ मध्ये. एमआयडीसी स्थापन झाली १९६२ मध्ये. पुढे टेल्को आली. टेल्कोचे सुमंत मूळगावकर यांनी पिंपरीच्या उजाड माळावर कारखान्यासोबत झाडं लावली आणि तलावही केला. १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. कारखाने वाढले, तशा सोसायट्या वाढल्या. आणि भिंत व इमारत यांच्यामध्ये उरली ती अशीच अरुंद पट्टी. तिथे वड लावणार का? उभा अशोक बसतो. फांद्या खाली झुकून खोडालगत राहतात, शेजाऱ्याच्या खिडकीत शिरत नाहीत, बारा महिने हिरवा, रस्त्याचा आवाज आणि धूळही थोडी अडते.

तक्रारही खरी आहे. हा सावली देत नाही. दुपारी गेटवरचे काका त्याच्याखाली बसू शकत नाहीत. सगळ्या शहराने फक्त अशोकच लावला, तर उन्हाळ्यात आपण बसायचं कुठे?

पण ‘काही उपयोगाचा नाही’ म्हणणंही चूक. त्याची फळं वटवाघळं आणि कोकिळ खातात. टेल्ड जे नावाच्या हिरव्या ठिपक्यांच्या फुलपाखराच्या अळ्या त्याच्या पानांवर वाढतात. दसऱ्याच्या तोरणात तर आपण ती पानं वापरतोच.

आणि ज्या लाल रंगासाठी मी मेपल शोधत होते ना? उभ्या अशोकाची नवी पालवी तांबूस, चकचकीत असते. आंब्याचीही असते, आणि सह्याद्रीतल्या कुसुंबाची तर लालभडक. मेपल लाल होतो शरदात, पानं गळायच्या आधी. आपली झाडं लाल होतात वसंतात, पानं फुटताना. दोन्हीकडे रंगद्रव्य त्याच गटातलं, अँथोसायनिन. इतकी वर्षं रोज गेटमधून गाडी काढताना मी एकदाही मान वर केली नव्हती.

अजून एक गोष्ट. शहरी भागात झाड तोडायला १९७५ च्या कायद्यानुसार महापालिकेची परवानगी लागते, ते आपल्या आवारात असलं तरी. आमच्या मीटिंगमध्ये हे कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही.

येत्या रविवारी पुन्हा मीटिंग आहे. माझाच प्रस्ताव मीच मागे घेणार आहे. अकरा झाडं राहू द्या म्हणणार, आणि गेटजवळच्या मोकळ्या कोपऱ्यात एक सावलीचं झाड मागणार, काकांच्या खुर्चीसाठी. लोक हसतील. हसू देत.

तुमच्या भिंतीलगत कोणतं झाड आहे? उद्या गाडी काढताना जरा वर बघा आणि मला कळवा. भेटू पुढच्या भागात!