डेथ कॅप ओळखण्याची कुळकथा

डेथ कॅप, शास्त्रीय नाव अमानिटा फॅलॉइडिस, हे मूळचे युरोपातले भूछत्र. जगभर भूछत्रांच्या विषबाधेने जे मृत्यू होतात, त्यांतले बहुतेक याच्यामुळे होतात. अर्धे भूछत्रही प्रौढ माणसाचा जीव घेऊ शकते. शिजवून, वाळवून किंवा गोठवून त्याचे विष जात नाही, आणि चव वाईट नसल्याने खाताना संशयही येत नाही. त्यामुळे ते खुडण्याआधी ओळखता येणे हाच खरा बचाव होय.

पूर्वी या ओळखीची भिस्त ऐकीव खुणांवर होती. विषारी भूछत्राबरोबर शिजवलेला चांदीचा चमचा काळा पडतो, लसूण रंग बदलते, किडीने खाल्लेले भूछत्र निर्धोक असते, असे समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. डेथ कॅपच्या बाबतीत यांतली एकही कसोटी खरी ठरत नाही. त्यातल्या विषाने चांदी काळवंडत नाही, आणि गोगलगायी व अळ्या ते बिनदिक्कत खातात.

शास्त्रीय ओळखीचा पाया फ्रान्समध्ये घातला गेला. सेबास्तियाँ वायाँ या वनस्पतिशास्त्रज्ञाचा पॅरिस परिसरातील वनस्पतींवरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७२७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या भूछत्राला दिलेले लांबलचक लॅटिन नाव म्हणजे लक्षणांची यादीच होती : देठाला वलय, मळकट हिरवा रंग, पसरट छत्री. स्वीडनच्या एलियास फ्रीसने १८२१ मध्ये पापुद्र्यांच्या भूछत्रांचे वर्गीकरण बीजाणूंच्या रंगावरून केले आणि ओळखीला नवा आधार दिला. १८३३ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ लिंक याने आजचे नाव रूढ केले.

हे भूछत्र ओक, बीच, चेस्टनट अशा झाडांजवळच का उगवते, याचा उलगडा नंतर झाला. बुरशीचे धागे झाडाच्या मुळांना वेढून राहतात. झाडाकडून त्यांना शर्करा मिळते आणि बुरशी झाडाला पाणी व क्षार पुरवते. जर्मन शास्त्रज्ञ फ्रांक याने १८८५ मध्ये अशा सहजीवनाला मायकोरायझा हे नाव दिले. झाडांच्या मुळांबरोबर डेथ कॅपही परदेशी गेले. कॅलिफोर्नियात त्याची खात्रीशीर नोंद १९३८ ची आहे. ऑस्ट्रेलियात कॅनबेरामध्ये ते लावलेल्या ओकखाली आढळते.

विषाची ओळख जर्मनीत पटली. फेओडोर लिनेन व उलरिक वीलांट यांनी १९३७ मध्ये फॅलॉइडिन वेगळे केले. १९४१ मध्ये हाइनरिश वीलांट व रुडोल्फ हालरमायर यांना अमानिटिन सापडले. खरा घात अमानिटिन करते. ते आरएनए पॉलिमरेज २ हे विकर रोखते, पेशींत नवी प्रथिने बनणे थांबते आणि यकृत निकामी होते. पुढे वीलांट–माइक्सनर चाचणी आली : भूछत्राचा रस वर्तमानपत्राच्या कागदावर वाळवायचा आणि त्यावर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकायचा. कागदातल्या लिग्निनमुळे अमानिटिन असल्यास निळा रंग उमटतो. मात्र इतर काही द्रव्यांनीही रंग येतो, म्हणून खाण्याची परवानगी या चाचणीतून मिळत नाही.

आज सगळी लक्षणे एकत्र पाहूनच ओळख ठरवतात. छत्री गुळगुळीत, साधारण ५ ते १५ सेंटिमीटर रुंद, पिवळसर हिरवी; पावसाने रंग फिका पडतो, आणि पांढरा प्रकारही असतो. खालचे पापुद्रे पांढरे आणि देठापासून सुटे. देठावर झिरझिरीत वलय. बुंध्याशी मातीत दडलेली पांढरी पिशवी. भूछत्र देठातून तोडले तर ही पिशवी जमिनीतच राहते, म्हणून तपासणीसाठी ते चाकूने खालून उकरून काढतात. छत्री कागदावर रात्रभर पालथी ठेवली की बीजाणूंचा पांढरा ठसा उमटतो. आशियात खाल्ली जाणारी भाताच्या काडाची अळंबी कोवळेपणी अगदी अशीच दिसते, पण तिचा ठसा गुलाबी असतो.

लक्षणे साधारण ६ ते २४ तासांनी सुरू होतात : उलट्या, जुलाब, पोटात कळा. मग बरे वाटू लागते, पण त्याच काळात यकृताची हानी चालू असते. म्हणून रानातले भूछत्र खाल्ल्यावर त्रास झाला, तर थांबून पाहू नये. उरलेले भूछत्र घेऊन तडक रुग्णालय गाठावे. आणि जाणकाराने खात्री दिल्याशिवाय झाडाखालचे कोणतेही भूछत्र खाऊ नये.