उजव्या पायाचा ठेका

या ग्रंथाच्या वाचकाला माझी विनंती आहे की, पुढचे पान उलटण्याआधी त्याने लेड झेपलिन या इंग्लिश रॉक बँडच्या १९६९ सालच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेतले पहिलेच गाणे, ‘गुड टाइम्स बॅड टाइम्स’, ऐकावे. त्यात बँडचा ड्रमर जॉन बॉनम बेस ड्रमवर तिस्र जातीचे जलद आघात काढतो. दोन पेडल असावीत, असे ऐकणाऱ्यांना वाटे. पेडल एकच होते आणि वाजवत होता तो उजवा पाय. डग्ग्यावरचा हात ओळखणाऱ्या कानाला या विषयात परके वाटण्याचे कारण नाही.

बॉनम १९४८ साली इंग्लंडमधल्या रेडिच गावी जन्मला. लहानपणी डबे-खोकी बडवत, रीतसर तालीम न घेता तो शिकला. शाळा सुटल्यावर वडिलांबरोबर बांधकामावर राबला. १९८०मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, अतिमद्यपानाने गेला. उरलेल्या तिघांनी दुसरा ड्रमर न शोधता बँडच थांबवला. साथीदार म्हणून ज्याची नोंद एका ओळीत आटोपते, त्याच्यावाचून गाणेच उभे राहत नाही, असे ते मानत होते. मला ही गोष्ट त्याच्या साऱ्या चरित्राहून बोलकी वाटते.

अभ्यासकाची खरी अडचण साधनांची आहे. ड्रमर फारसे लिहून ठेवत नाही. त्याचा दस्तऐवज म्हणजे ध्वनिमुद्रण, आणि त्यात जागाही वाजते. बँडच्या ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ या गाण्यासाठी हॅम्पशरमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या घरात ड्रम जिन्याच्या पायथ्याशी मांडले होते. ध्वनिमुद्रक अँडी जॉन्सने वरून दोन मायक्रोफोन खाली सोडले. पुढे हिप-हॉपवाल्यांनी उचलला तो हाच घुमारा. त्यात बॉनमचा हात किती, त्या जिन्याची उंची किती आणि जॉन्सचा कान किती? याचा निवाडा करायला संगीतज्ञाइतकाच ध्वनितंत्र जाणणारा माणूस लागतो. अशा दोघांनी एकत्र बसावे, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

मराठी अभ्यासकासाठी एक वाट तर घरातूनच जाते. बँडच्या ‘फोर स्टिक्स’ या गाण्यात पाच आणि सहा मात्रांची आवर्तने एकमेकांत गुंफलेली आहेत, बॉनमने ते दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या धरून वाजवले. १९७२ साली बँडचा गिटारवादक जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट यांनी तेच गाणे मुंबईतल्या वादकांना घेऊन ध्वनिमुद्रित केले. बॉनम तिथे नव्हता, तबला होता. ते मुद्रण २०१५मध्ये अधिकृतपणे प्रसिद्ध झाले. दोन्ही मुद्रणे लागोपाठ लावावीत, हाताने मात्रा मोजाव्यात आणि सम कुठे पडते ते कागदावर मांडावे.