आभासी पॅकेट लॉस

आभासी पॅकेट लॉस : नेटवर्कवर देखरेख ठेवणारे सॉफ्टवेअर पॅकेट्स गहाळ झाल्याचे दाखवते, पण लिंकवरची वाहतूक सुरळीत चालू असते, अशा वेळचा फसवा आकडा.

माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलेला ‘पिंग’ एवढेच सांगतो, की हाकेला ठरल्या मुदतीत ओ आली की नाही. ओ आली नाही म्हणजे पॅकेट हरवले, हा झाला अंदाज. भूस्थिर उपग्रहाच्या लिंकवर जाऊन-येऊन ६०० मिलिसेकंद सहज लागतात. तिथे मुदत ५०० ठेवली तर धडधाकट लिंकवरही लॉस १०० टक्के दिसेल.

सर्वाधिक गोंधळ एमटीआरच्या (वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावरच्या राउटरचा लॉस दाखवणाऱ्या साधनाच्या) तक्त्यावरून होतो. समजा, चौथ्या टप्प्यावर ६० टक्के लॉस दिसतो आणि पाचव्यापासून शेवटपर्यंत शून्य. चौथ्या राउटरने खरोखर इतकी पॅकेट्स टाकली असती, तर ती पाचव्याला मिळालीच नसती. घडते ते असे : पुढे जाणारी पॅकेट्स मोठा राउटर हार्डवेअरमधूनच पुढे ढकलतो, टीटीएल (पॅकेटला उरलेल्या टप्प्यांची मोजणी) संपल्याचा आयसीएमपी संदेश मात्र त्याच्या प्रोसेसरला तयार करावा लागतो. तो ताण आवरण्यासाठी अशा संदेशांवर मर्यादा घातलेली असते. लिनक्समध्ये ती मुळातच दोन संदेशांमध्ये १००० मिलिसेकंदांच्या अंतराची आहे. म्हणून चाचणीचा वेग कमी करून पाहावा. मधल्या टप्प्यावरचा लॉस त्याबरोबर ओसरला, तर तो मर्यादेचाच परिणाम. मधल्या एका ओळीचा स्क्रीनशॉट जोडून सेवा पुरवठादाराशी भांडण्यात अर्थ नसतो. तक्त्यात शेवटची ओळ आधी वाचावी.

पहिल्या पॅकेटचे प्रकरण वेगळे. सिस्कोच्या राउटरवरून शेजारच्या नव्या पत्त्याला पिंग केले, की पडद्यावर बहुधा .!!!! असे उमटते. एआरपीचे (शेजाऱ्याचा हार्डवेअर पत्ता विचारण्याच्या प्रश्नाचे) उत्तर येईपर्यंत पहिले पॅकेट वाया जाते आणि यशाचे प्रमाण ८० टक्के दिसते. नागिओस या देखरेखीच्या सॉफ्टवेअरची पिंग-तपासणी मुळात पाचच पॅकेट्स पाठवते. म्हणजे एक चुकले की २० टक्के, आणि नमुना फाइलीत इशाऱ्याची रेषाही नेमकी तिथेच. रात्री-अपरात्री येणाऱ्या बऱ्याच अलार्मांचे मूळ इतके क्षुल्लक असते. पॅकेट्सची संख्या वाढवणे आणि सलग दोन-तीन तपासण्या फसल्यावरच इशारा देणे, हा साधा उपाय.

लॉस एका टप्प्यापासून सुरू होऊन शेवटपर्यंत टिकला, तर तो खरा असण्याची शक्यता मोठी. तरी दोष त्याच टप्प्यावर आहे असे नव्हे, कारण उत्तरे वेगळ्या वाटेने परतत असू शकतात. दुसऱ्या टोकाकडूनही एमटीआर चालवून पाहावे लागते. शिवाय मुक्कामाचा सर्व्हर किंवा फायरवॉल आयसीएमपीच अडवत असेल, तर प्रत्यक्ष सेवेच्या पोर्टवर, उदाहरणार्थ ४४३ वर, टीसीपीने चाचणी घ्यावी. त्याच वेळी इंटरफेसवरचे ड्रॉप आणि एररचे काउंटर वाढत आहेत का आणि टीसीपीला पॅकेट्स पुन्हा पाठवावी लागत आहेत का, तेही तपासावे.